दुपार आबांची, रात्र सूनबाईंची : अमळनेरकडच्या एका प्रीफॅब लाकडी घराचा प्रकरण अभ्यास

अमळनेर तालुक्यातल्या एका गावाबाहेर, काळ्या रानात, एका कुटुंबाने तयार भागांचं लाकडी घर उभं केलं. फेब्रुवारीत वास्तुशांत झाली. एप्रिल निम्मा सरला आणि घरातले आबा आणि माय सकाळची न्याहारी उरकून गावातल्या जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात जाऊन बसू लागले. दिवस मावळला की परत नव्या घरी. जुनं घर सोडलं होतं ते मागची भिंत पोटातून फुगली म्हणून. म्हणजे पडायला आलेल्या भिंतीखाली दोन म्हातारी माणसं दिवसभर बसत होती, आणि लाखो रुपये घातलेलं घर कुलूप लावून उभं होतं.

पुण्याला नोकरी करणाऱ्या थोरल्या मुलाने मला फोन केला. त्याचा प्रश्न सरळ होता: घर चुकलं, की आईवडिलांना सवय नाही? धाकटा मुलगा आणि सूनबाई मात्र त्याच घरावर मनापासून खूश होते. रात्री इतकी शांत झोप आयुष्यात कधी लागली नव्हती, असं सूनबाई म्हणाल्या. आबा-माय आणि सूनबाई, दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि या प्रकरणाचा सगळा गाभा त्यातच आहे.

घर कसं आहे

पाइनच्या उभ्या-आडव्या दांड्यांच्या चौकटी कारखान्यात तयार करून ट्रकने आणल्या. चौकटीला आतून आणि बाहेरून एकमेकीत अडकणाऱ्या पाइनच्याच फळ्या, मधल्या साडेतीन इंचांच्या पोकळीत ग्लासवूल, म्हणजे उष्णता अडवणारा काचेच्या धाग्यांचा कापूस. वर लाकडी कैच्या, ग्लासवूल आणि गडद रंगाचा पत्रा. खाली काँक्रीटचे आखूड खांब, जमिनीपासून दोन फूट वर लाकडी तुळया आणि त्यांवर फळ्यांची जमीन. तीन खोल्या, एक माळा. बैठकीच्या खोलीला पश्चिमेकडे दोन मोठ्या सरकत्या काचा, शेत दिसावं म्हणून.

असं घर निवडण्यामागे शहाणपण होतं. तिथली माती खोल काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत हात जाईल इतकी फाटते. साध्या पायावरच्या विटांच्या घराला दोन-तीन वर्षांत तिरक्या भेगा जातात, हे तिथल्या कुठल्याही गवंड्याला विचारा. नऊ इंची विटांची भिंत प्लास्टरसकट चौरस मीटरला चारशे किलोच्या वर भरते, ही लाकडी भिंत तीसच्या आसपास. इतकं हलकं घर मोजक्या खांबांवर बसतं, आणि एखादा खांब थोडा हलला तरी लाकडी सांगाडा ते सोसतो. शिवाय बांधकाम दीड महिन्यात उरकलं. निर्णय घेतला त्या वेळी मला विचारलं असतं, तर काळ्या मातीवर हलकं घर बांधा, असंच मी म्हटलं असतं.

उष्णता अडवण्याच्या हिशोबातही घर चांगलं आहे. विटांच्या नऊ इंची भिंतीतून जितकी उष्णता आत येते, तिच्या सुमारे पाव भाग या भिंतीतून येते. निवासी इमारतींसाठीच्या २०१८च्या इको-निवास संहितेत छतातून येणाऱ्या उष्णतेची जी मर्यादा आहे, तिच्याही हे छत बरंच खाली बसतं. कागदावर घर उत्तीर्ण आहे.

घर ताब्यात देताना पुरवठादाराने अभिप्रायाचा कागद भरून घेतला होता. तो भरला धाकट्या मुलाने. सगळ्या रकान्यांत पाचपैकी पाच. त्याने खोटं लिहिलं नाही; तो सकाळी नऊला अमळनेरला दुकानावर जातो, सूनबाई शाळेत शिकवतात, नातू त्यांच्याबरोबर जातो. दुपारी बारा ते पाच या वेळात त्यांच्यापैकी कोणीही त्या घरात नसतं. ती वेळ आबांची आणि मायची. राहणाऱ्यांच्या समाधानाची पाहणी करताना सरासरी काढली जाते. कोण कुठल्या वेळी घरात असतं, हे विचारलं जात नाही. माझ्या मते हा पहिला प्रश्न असायला हवा.

लाकूड अडवतं, साठवत नाही

खान्देशात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. तितकंच महत्त्वाचं, पण कमी बोललं जाणारं, म्हणजे रात्रीचा उतार. एप्रिल-मेमध्ये दिवस आणि रात्र यांत १५ ते १७ अंशांचा फरक पडतो. आपली जुनी घरं या फरकावरच जगत आली. सागाचे खांब, त्यांवर सर म्हणजे जाड तुळया, सरांवर कड्या म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, वर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा वीतभराहून जाड थर. भिंती कच्च्या विटांच्या, दोन-अडीच फूट. सांगाडा लाकडाचाच, आपल्याकडे लाकडी घर नवीन नाही. पण त्या घरात लाकूड वजन उचलायला होतं आणि ऊन पचवायला माती होती. दुपारी दोनचं ऊन भिंत पिऊन घ्यायची आणि ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असायची. रात्री माणसं धाब्यावर किंवा ओट्यावर झोपायची, त्यामुळे आतली ऊब कोणाला जाचत नसे.

नव्या घरातून हे मातीचं काम वजा झालं. पाइनचं घनमीटर पाचशे किलोच्या आतबाहेर, विटेचं अठराशेच्या आसपास. एक अंशाने तापायला पाइनला विटेच्या साधारण निम्मी उष्णता पुरते, आणि ग्लासवुलात तर साठवण नावापुरतीच. बैठकीची खोली बारा बाय चौदाची. आतल्या फळ्या, छत, जमीन आणि हवा सगळं धरून ती एक अंशाने तापायला जितकी उष्णता लागते, तिच्या दहापट त्याच मापाच्या विटांच्या खोलीला लागते, असा माझा ढोबळ हिशोब निघाला. थोडी उष्णता आत शिरली तरी लाकडी खोलीचा पारा लगेच चढतो. आणि ती उष्णता भिंतीतून येत नव्हतीच.

पश्चिमेच्या दोन काचा मिळून तीन चौरस मीटर. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर चौरस मीटरला पाचशे-सहाशे वॅट ऊन पडतं, आणि साधी काच त्यातलं ऐंशी टक्क्यांच्या आसपास आत सोडते. म्हणजे त्या खोलीत रोज दुपारी सव्वा किलोवॅटचा हीटर दोन-तीन तास चालू होता. आत पडदे होते, जाडही होते. पण ऊन काचेच्या आत आल्यावर पडद्याने अडवून फायदा थोडाच. तापतो तो पडदा, आणि तो खोलीतच असतो.

पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, याची परीक्षा झाली. तिन्ही लेकी मुलांसह माहेरी आल्या. अंगणातल्या लिंबाला झोका, सांजोऱ्या, आमरस, घागरीची पूजा. घरात पंधराएक माणसं. बसलेला माणूस सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकतो, पंधरा माणसांची मिळून पुन्हा एक ते सव्वा किलोवॅट. थोरली लेक म्हणाली, जेवणाची पंगत उठली तेव्हा छताकडे बघवत नव्हतं, इतकी वरून झळ येत होती. दुसऱ्या दिवशीपासून दुपारचा मुक्काम जुन्या घरात हलला, आणि लेकी सासरी गेल्यावरही आबा-माय तिकडे जातच राहिले.

रात्री मात्र बाजी उलटते. शेजारच्या मळ्यात स्लॅबचं घर आहे. दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्री एक-दोनपर्यंत खाली धग सोडत राहतो. घरातली माणसं गच्चीवर पाणी मारतात आणि अंगणात खाटा टाकतात. लाकडी घरात साठलेलंच काही नसतं, म्हणून खिडक्या उघडल्या की दिवेलागणीनंतर तास-दीड तासात ते बाहेरच्या हवेइतकं उतरतं. सूनबाईंची शांत झोप तिथून येते. दुपारी जो दोष, तोच रात्री गुण.

ही बांधणी वाढली ती स्वीडन, कॅनडासारख्या थंड मुलखात. तिथे हीटरची ऊब बाहेर जाऊ न देणं हा मुख्य प्रश्न, आणि तो ती उत्तम सोडवते. हलकी लाकडी घरं उन्हाळ्यात तापतात, ही तक्रार आता युरोपातही ओळखीची आहे. जर्मनीकडे म्हणून ग्लासवुलाऐवजी दाट लाकडी धाग्यांचे पाट वापरण्याकडे कल आहे, कारण ते उष्णता अडवतात आणि थोडी जिरवतातही. आपल्याकडे मात्र चौकट आली तशीच आली.

भुई

माय मला म्हणाल्या, "नवं घर चांगलंच शे, पन दुपारले तठे जीव घाबरस." मी त्यांच्याबरोबर जुन्या घरी गेलो. त्या माजघरात गेल्या, पदर डोक्याखाली घेतला आणि उघड्या शहाबादी फरशीवर कुशीवर आडव्या झाल्या. चटई नाही, सतरंजी नाही. तळवा फरशीवर पालथा टेकवून म्हणाल्या, "आठे भुई गार लागस."

हे वाक्य मी तापमापकाच्या आकड्याइतकंच गंभीरपणे घेतलं. लाकूड आणि फरशी एकाच तापमानाला असली, तरी अंगाला वेगळी लागतात. फरशी अंगातली उष्णता लाकडाच्या कित्येक पट वेगाने ओढून घेते. शिवाय जुन्या घराची फरशी थेट जमिनीवर टेकलेली. काही फूट खालची माती उन्हाळ्यातही वर्षाच्या सरासरी तापमानाजवळ, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपास राहते. नवं घर जमिनीपासून दोन फूट वर उचललेलं. काळी माती आणि वाळवी यांच्या दृष्टीने ते उचलणं योग्यच, पण त्यात भुईशी असलेलं नातं तुटलं. थंडीत अनवाणी पायाला लाकडी जमीन सुखाची लागते, आणि डिसेंबर-जानेवारीत आबा नव्या घरात बसतील तेव्हा ते हेच म्हणतील. मेमध्ये दुपारी पाठ टेकायला ती काही कामाची नाही.

आरामदायी तापमानाचं भारतीय सूत्र अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ मध्ये मांडलं आणि २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते आलं. बाहेर ज्या उन्हाची सवय, त्याप्रमाणे माणसाला आतलं तापमान चालतं, हे त्याचं सार. खान्देशच्या मे महिन्यासाठी ते साधारण ३१-३२ अंश सुखाचे आणि ३४च्या आसपासचे चालवून घेण्याजोगे ठरवतं. सूत्र चांगलं आहे, पण ते कार्यालयांच्या अभ्यासातून निघालं आहे. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हिशोब त्यात आहे. फरशीवर पाठ टेकणाऱ्या मायचा नाही.

कूलर आणि लाकडाची चुळबुळ

"कूलर आहे की," असं धाकट्याने दोनदा सांगितलं. होता, चांगला मोठा होता, आणि बंद खोलीत लावला होता. चोर-चिलटांची आणि सापांची भीती म्हणून खिडक्या लावूनच घ्यायच्या, ही मळ्यातली रीत. जुन्या घराच्या दारा-खिडक्यांना फटी इतक्या की हवा आपोआप निसटायची. हे घर घट्ट. कूलरने आत ढकललेली ओली हवा बाहेर जाईना, अर्ध्या तासात खोली दमट, अंग चिकट.

वास्तविक खान्देशचा उन्हाळा कूलरसाठीच आहे. बाहेर ४३ अंश आणि १५ टक्के दमटपणा असेल, तर बरा कूलर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची हवा देऊ शकतो. पण जितकी हवा आत, तितकी समोरून बाहेर जायला वाट हवी. समोरच्या खिडकीची झडप वीतभर उघडून ठेवली आणि फरक त्याच दुपारी कळला.

कूलरने दुसरं एक काम केलं, ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लाकूड हवेप्रमाणे पाणी घेतं-सोडतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पाइनमधला ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास उतरतो, भर पावसाळ्यात पंधरावर जातो. या दहा टक्क्यांच्या फरकात सहा इंच रुंदीची फळी तीन मिलिमीटरपर्यंत हलते. लांबीत जवळजवळ नाहीच. एप्रिलमध्ये बाहेरच्या फळ्यांच्या फटी उघडल्या आणि वावटळीची बारीक धूळ भिंतीत शिरू लागली. आतल्या फळ्यांना मात्र रात्री कूलरची ओल, दुपारी सुकी झळ. त्यामुळे घर रात्रभर कुरकुरायचं, अधूनमधून ठोका दिल्यासारखा आवाज यायचा. नातू घाबरायचा. आबांना वाटायचं खिळे सुटतायत. त्यांना शांतपणे समजावून सांगितलं की लाकूड आपली जागा शोधतंय, सांधे मजबूत आहेत; भीतीचा अर्धा भाग तिथेच गेला. घर देताना कोणीतरी हे आधीच सांगायला हवं होतं. कुठल्या मुलखात लाकूड किती सुकवून वापरावं, यासाठी भारतीय मानक २८७ मध्ये देशाचे दमटपणाप्रमाणे विभाग पाडलेले आहेत. बाहेरगावाहून येणाऱ्या लाकडाचा ओलावा इथे उतरवून घेताना मोजला, तर पुढची बरीच कुरकुर वाचते.

वासाचंही थोडं. पाइनचा वास पहिले काही आठवडे सगळ्यांना आवडला. तोच उन्हाळ्यात उग्र झाला, मायचं डोकं चढायचं. त्यात माळ्यावरच्या स्वस्त पार्टिकल बोर्डाच्या कपाटांचाही वाटा होता, कारण अशा बोर्डाच्या गोंदातला फॉर्मल्डिहाइड गरमीत आणि दमटपणात जास्त सुटतो. रात्रीच्या मोकळ्या हवेने ते पुष्कळ कमी झालं.

कानबाईची रात्र

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशची देवी कानबाई घरात बसली. गावातल्या बायका जमल्या, रात्री फुगड्या आणि नाच सुरू झाला. आणि जमीन थरथरू लागली. समया हलल्या, फडताळातली भांडी वाजली, कोणीतरी ओरडलं की घर खाली बसतंय. देवीला कुठे काही लागू नये म्हणून नाच अंगणात हलवला, तर बाहेर पाऊस.

जमीन मोडण्याचा धोका नव्हता, हे मी खालून पाहून सांगू शकलो. तुळया भार पेलायला पुरेशा होत्या. पण भार पेलणं आणि पायाखाली घट्ट वाटणं या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. युरोपीय मानकांत लाकडी जमिनीची स्वतःची थरथर सेकंदाला आठ वेळांपेक्षा कमी असेल, तर वेगळी तपासणी करायला सांगतात, कारण मग चालण्याची लय तिला जाऊन भिडते. इथल्या तुळया चार मीटर मोकळ्या होत्या. दोन माणसं चालताना कळत नव्हतं; पंचवीस बायका एका ठेक्यात नाचल्यावर कळलं. प्रीफॅब घराचा आराखडा करणाऱ्याने रोजचं राहणं धरलं होतं. कानबाई, भंडारा, साखरपुडा घरातच होतात, हे त्याच्या कोष्टकात नव्हतं.

उपाय सगळ्यांत स्वस्त निघाला. घर दोन फूट उचललेलं असल्याने खाली सरपटत जाता येतं. तुळयांच्या बरोबर मध्ये एक आडवी तुळई घातली, तिला चार नवे खांब दिले. मोकळी लांबी निम्मी झाली की तेवढ्याच वजनाखाली लवणं आठव्या हिश्शावर येतं. दोन दिवसांचं काम.

पावसाच्या आवाजावर मात्र आम्ही हरलो. पत्र्यावर सरी आल्या की बोलणं थांबतं. वरून बांबूचे तट्टे टाकून बघितले, थोडा फरक पडला, वाऱ्याने ते उडाले.

खोल्यांमधल्या पातळ भिंतींबद्दल सूनबाईंनी सांगितलं ते बराच वेळ आढेवेढे घेऊन. आबांचा खोकला इकडे ऐकू येतो, म्हणजे आमचंही तिकडे जात असणार. एकत्र कुटुंबात ही अडचण कोणी कागदावर लिहीत नाही, पण घरात मोकळं वाटणं यावरच अवलंबून असतं. मधल्या भिंतीला दोन्ही अंगांनी जिप्सम बोर्डाचा थर दिला, एका बाजूचा थर वेगळ्या दांड्यांवर, जुन्या चौकटीला न टेकवता, आणि पोकळीत ग्लासवूल भरलं. वजन वाढलं आणि आवाजाची थेट वाट तुटली. आता शब्द कळत नाहीत.

दुपारची खोली

थोरल्याचा आग्रह एसीचा होता. तो चुकीचा नव्हता. हलकं, घट्ट घर एसीला फार सोयीचं. लहान यंत्रात पटकन थंड होतं. पण मळ्यात दुपारी वीज असेलच असं नाही, आणि वीज गेली की हेच घर तितक्याच पटकन तापतं. शिवाय बंद थंड खोलीत दिवसभर बसणं आबांना नको होतं. त्यांना दाराशी बसून येणारा-जाणारा दिसायला हवा.

म्हणून घराच्या ईशान्येला एक खोली जोडली. जुन्या घराची फुगलेली भिंत नाहीतरी उतरवायचीच होती. तिची माती भिजवून, तुडवून तिच्याच कच्च्या विटा पाडल्या. भिंत दीड फूट. जुने सागाचे सर आणि कड्या धुऊन-पुसून छताला लावल्या, वर मातीचा थर आणि त्यावर उतरता पत्रा, मध्ये हवा खेळेल अशी हातभर जागा सोडून. जमीन भुईवर टेकलेली, माजघरातलीच शहाबादी फरशी उचलून बसवलेली. उत्तरेला दार आणि ओटा.

यातली खरी जोखीम काळ्या मातीची होती. हलक्या घराला जड खोली चिकटवली की दोन्ही वेगवेगळ्या खचणार-फुगणार, आणि सांध्यावर एकीने दुसरीला ओढायचं. म्हणून नव्या खोलीखालची काळी माती चार फूट काढून मुरूम थरांनी ठोकून भरला, चारही बाजूंनी पाणी लांब जाईल असा उतार दिला, आणि दोन्ही बांधकामं कुठेही एकमेकांना बांधली नाहीत. मध्ये दोन बोटं फट. फटीवर सागाची पट्टी, ती फक्त लाकडी घराच्या बाजूला खिळलेली. दुसरी बाजू मोकळी सरकते. गवंड्याला हे पटवायला वेळ लागला. सळया घालून दोन्ही घट्ट करून टाकू, असं तो शेवटपर्यंत म्हणत होता.

लाकडी घरात केलं ते यापेक्षा सोपं. पश्चिमेच्या काचांपुढे सहा फुटांची पडवी, पुढे पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या काड्यांचे, विणलेले तट्टे, उन्हाळ्यात लावायचे आणि दिवाळीला काढायचे. गडद पत्र्याला पांढरा रंग. माळ्याच्या वरच्या टोकाला समोरासमोर दोन झरोके, आणि खालच्या खिडक्यांना लोखंडी गज आणि जाळी. गज-जाळीचा खर्च थोरल्याला अनावश्यक वाटला. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याशिवाय रात्रभर खिडकी उघडी राहणार नव्हती, आणि रात्रभर खिडकी उघडी राहिली नाही तर बाकीचं सगळं फुकट. रात्री नऊला उघडायच्या, सकाळी आठच्या आत लावून घ्यायच्या. हे काम आबांनी स्वतःकडे घेतलं आहे.

पुढच्या आखाजीला लेकी आल्या तेव्हा पंगत लाकडी घरातच बसली, पडवी धरून. जेवणं झाल्यावर बायका मातीच्या खोलीत फरशीवर आडव्या झाल्या, पोरं झोक्यावर. आबा-माय आता दुपारी गावात जात नाहीत. भिंत उतरवल्यावर जुन्या घराचे उरलेले खण तुरीच्या काड्या ठेवायला वापरात आहेत.

सगळं सुटलं असं नाही. माळा दुपारी अजून तापतो. नातू परीक्षेच्या दिवसांत तिथे अभ्यासाला बसतो, तो सकाळी दहाच्या आतच. ओल्या फडक्याने रोज जमीन पुसायची सवय मायना सोडवत नाही, आणि दाराजवळच्या फळ्यांच्या कडा त्यामुळे उचलल्या आहेत. त्या पट्ट्यापुरती फरशी घालायचं ठरतंय. देवघरातल्या समईमागे आणि गॅसच्या ओट्यामागे सिमेंट बोर्ड लावून टाइल बसवली. जाड लाकूड आगीत मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास जळत जातं, एकदम कोसळत नाही, हे मायना सांगून झालं, तरी समई आता पितळी परातीत ठेवली जाते, आणि ते चांगलंच आहे. वाळवीसाठी खांबांच्या डोक्यावर पत्र्याच्या टोप्या आहेत. महिन्यातून एकदा धाकटा विजेरी घेऊन खाली जातो आणि मातीच्या नळ्या चढल्यात का ते बघतो.

मागच्या ऑगस्टमध्ये मधलं दार चौकटीत अडकायला लागलं. सुताराला बोलावलं होतं, तो रंधा घेऊनच आला. त्याला थांबवलं. पावसाळ्यात फुगलेलं दार तेव्हा रंधलं तर एप्रिलमध्ये बोटभर फट पडते आणि झळ आत येते. ऑक्टोबरची उघडीप झाल्यावर बघायचं, तरीही अडत असेल तर बिजागरीच्या बाजूने दोन मिलिमीटर काढायचं, आणि रंधलेल्या कडेला त्याच दिवशी तेलपाणी करायचं, असं ठरलं.